शाळेतलं कोमट पाणी

कूसिवारा या खेड्यातल्या शाळेत त्या वर्षी एकोणीस मुलं होती. पुढच्या वर्षी शाळा असेल की नाही, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी पालिकेच्या इमारती सांभाळणारा हुओतारी शहरातून आला आणि शाळेच्या जेवणाच्या खोलीत सगळं गाव जमलं. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हुओतारी माणूस वाईट नव्हता. त्यानं उगाच आढेवेढे घेतले नाहीत. पालिकेला दोन खेड्यांतली एक शाळा बंद करायची होती. एक तर ही, नाही तर तळ्यापलीकडच्या लेहतोलाची. मुलं दोन्हीकडे सारखीच, शिक्षकही दोन्हीकडे चांगले. मग निवड करायची कशावरून? तर इमारतीवरून.

“तुमची इमारत ऊब फार पिते हो,” हुओतारी म्हणाला. “लेहतोलाचीही पिते. जानेवारी संपला की दोन्ही शाळांच्या उबेचे मीटर बघायचे असं ठरलंय. जी कमी पिईल ती राहील.”

“मग आधी ते दार लाव बाबा,” मागून याल्मारी ओरडला. शाळेला लाकडाच्या ढलप्या पुरवणारा ट्रॅक्टरवाला हा. गप्प बसणं त्याला जमत नसे. “तू आत आलास तेव्हापासून ते उघडंच आहे. आमची आठवडाभराची ऊब जाऊन बसली तुझ्या गाडीत.”

लोक हसले. हुओतारीही हसला आणि उठून दार लावून आला. पण हसू ओसरल्यावर लोक छताकडे, खिडक्यांकडे बघू लागले, आणि ते मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ओइवा तोलोनेनला सहन होईना. तो हळूच बाहेर पडला, अंगणातून वळसा घालून बॉयलरच्या खोलीत गेला आणि काही काम नसताना तिथली राख ओढत बसला.

ऐन तारुण्यापासून तो हा बॉयलर सांभाळत आला होता. आता सत्तरीला टेकला होता. तो निवृत्त झाला तेव्हा पालिकेनं दुसरा माणूस नेमला नाही, आणि ओइवानंही किल्ली परत केली नाही. त्याबद्दल दोन्ही बाजूंनी कोणी चकार शब्द काढला नाही. कूसिवारात अवघड गोष्टी बोलून दाखवायची पद्धतच नव्हती. कोणाचं छत गळत असलं तर शेजारी न विचारता शिडी घेऊन यायचा, पत्रा ठोकायचा, कॉफी प्यायचा आणि थंडीवाऱ्याबद्दल दोन शब्द बोलून घरी जायचा. गळतीचं नाव निघत नसे. चांगलं करायचं ते गुपचूप, समोरच्याला ओझं वाटू न देता. याला ते लोक माणुसकी म्हणत, आणि एरवी ती होतीही.

दर वर्षी पानगळ संपत आली की पहिलीच्या मुलांना घेऊन कायसू लेइनोनेन बॉयलरच्या खोलीत यायची. कायसू म्हणजे शाळेच्या मुख्य बाई. पन्नाशीच्या, उंच, घसा कायम बसलेला. फार वर्षांपूर्वी ती एका वर्षासाठी म्हणून या गावात आली होती आणि इथलीच झाली होती. ओइवाची बायको आउने वारली, त्यानंतर शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज दुपारी सुपाचं एक भांडं झाकून ठेवलेलं असायचं. कोणासाठी, ते कोणी सांगितलं नव्हतं. ओइवा ते घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी भांडं घासून तिथेच ठेवायचा.

त्या वर्षी पहिलीत चारच मुलं होती. ओइवानं त्यांना बॉयलरसमोर अर्धगोल उभं केलं.

“हे बघा, ही मोठी टाकी दिसते ना, तिच्या पोटात आग आहे. याल्मारीकाका ढलप्या आणून टाकतात, त्या इथे जळतात आणि पाणी तापतं. मग हा पंप पाण्याला म्हणतो, चल, निघ आता. पाणी निघतं. प्रत्येक वर्गात जातं, थोडी थोडी ऊब ठेवतं आणि गार होऊन परत इथेच येतं.”

“तेच पाणी?” हिल्लानं विचारलं. समोरचे दोन दात पडलेली ही मुलगी प्रश्न विचारताना कपाळाला आठ्या घालायची.

“तेच. तुझे बाबा पहिलीत होते तेव्हाही जवळजवळ हेच फिरत होतं.”

“दमत नाही ते, ओइवाआजोबा?”

“दमून थांबलं तर हिवाळ्यात गोठेल ना. म्हणून थांबत नाही.”

“आणि गोठलं तर?”

“गोठलं की पाणी फुगतं. नळीला काही फुगता येत नाही. मग ती फुटते.” ओइवानं तिचे दोन्ही हात धरून दोन नळ्यांवर ठेवले. “ही जाणारी नळी, ती येणारी. गरम कोणती?”

“ही! भाजते!”

“आणि ती?”

“कोमट.”

“दोन्हींत जेवढा फरक, तेवढी ऊब तुमच्या वर्गात राहिली. मीटर नसला तरी हातांना कळतं.”

“मग हुओतारींना मीटर कशाला लागतो?” हिल्ला म्हणाली. “त्यांना हात नाहीत?”

कायसूनं तोंड फिरवून हसू दाबलं. ओइवाला मात्र हसू आलं नाही. एवढ्याशा पोरीच्या तोंडीसुद्धा मीटर आला होता.

शाळेचे दोन भाग होते. जुना भाग लाकडी ओंडक्यांचा, त्यात खिडक्यांखाली गरम पाण्यानं तापणारे लोखंडी रेडिएटर. नवा भाग मागाहून बांधलेला. तिथे रेडिएटर नव्हते. काँक्रीटच्या जमिनीतच नागमोडी नळ्या घातलेल्या होत्या आणि त्यांतून गरम पाणी फिरे, त्यामुळे अख्खी जमीनच उबदार. जेवणाची खोली आणि लहान मुलांचे दोन वर्ग या भागात होते. बाहेर उणे वीस असताना ही मुलं नुसत्या मोज्यांवर जमिनीवर पालथी पडून वाचत असत. कूसिवारात शाळा म्हटली की लोकांना आठवे ती हीच जमीन. पण ऊब जास्त लागे तीही तिलाच.

त्या हिवाळ्यात गावानं जे जे करता येईल ते केलं. बायकांनी मुलांना जाड लोकरी मोजे विणून दिले. खिडक्यांच्या फटींत ओइवानं काथ्या ठासला. खेळाचा तास हॉलऐवजी बाहेर बर्फावर, स्कीवर होऊ लागला. मुलं वर्गात शिरताना एकमेकांना ओरडून सांगायची, “दार लाव! लेहतोला जिंकेल!”

पण लेहतोलाचे लोकही काही झोपले नव्हते. दोन्ही शाळांना ढलप्या पुरवायचा याल्मारीच, त्यामुळे बातमी त्याच्याकडून यायची.

“तिकडे तर मुलं वर्गात टोप्या घालून बसतात,” डिसेंबरच्या सुरुवातीला ढलप्या ओतता ओतता तो म्हणाला. “बाई फळ्यावर लिहितात ते हातमोजे घालून. मागची खेप मी टाकली ती अजून निम्मी शिल्लक आहे त्यांच्याकडे.”

“निम्मी?”

“निम्मी. तुझ्याकडे किती आहे?”

ढीग याल्मारीच्या समोरच होता.

“असा चेहरा करू नकोस,” याल्मारी म्हणाला. “मी तुझ्या ढिगावर एखादी जास्तीची पाटी टाकू शकतो, पण मीटरमध्ये टाकायला माझ्याकडे पाटी नाही.”

त्या दिवशी ओइवाच्या मनात तो विचार आला. नाताळच्या सुट्टीत शाळा रिकामी असणार. रिकाम्या जमिनीला ऊब कशाला? पाणी बंद करायचं नाही, ते वेडेपणाचं होतं. पण नव्या भागाकडे जाणारं पाणी जेमतेम कोमट ठेवायचं आणि पंप अगदी मंद चालवायचा. चालतं पाणी गोठत नाही. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी पुन्हा पूर्ण ताप दिला की मुलं येईपर्यंत जमीन गरम. हे नियमात बसत नव्हतं. पालिकेनं ठरवून दिलेल्या तापमानाच्या ते बरंच खाली जाणार होतं. म्हणूनच कायसूला सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं. उद्या कोणी विचारलं तर तिला खरंखुरं म्हणता यावं, मला काही माहीत नाही.

सुट्टी लागली. पोरं आलुबुखाऱ्याचा जाम घातलेल्या, चांदणीच्या आकाराच्या पेस्ट्र्या खाऊन, हातात कागदी देवदूत घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओइवानं व्हॉल्व्ह फिरवला आणि पंपाचा वेग उतरवला.

तो रोज येत होता. पण बॉयलरच्या खोलीला अंगणातून वेगळं दार होतं. शाळेत तो एकदाही गेला नाही. शाळेचं दार उघडलं की ऊब जाते. गावातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी हेच होतं, आणि ओइवानं ते सगळ्यांपेक्षा जास्त मनावर घेतलं.

नाताळच्या आदल्या दिवशी, दुपार कलताच अंधार पडल्यावर, सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावायला गेलं. आउनेच्या कबरीपाशी ओइवा काडी पेटवत होता. दोन काड्या विझल्या. तिसरीला कुणीतरी शेजारी बसून हातांचा आडोसा केला. कायसू होती.

“शाळा कशी आहे?” तिनं विचारलं.

“आहे.”

“थंडी फार वाढणार म्हणतात.”

“म्हणतात खरं.”

“तुम्ही जरा विश्रांती घ्या हो, ओइवा. रोज चालत जाता ना अजून? पाठ दुखते तुमची.”

“जातो आपला. हातपाय मोकळे होतात.”

ती काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलंही. ओइवाही काही बोलणार होता. मंद चालवतोय, काळजी करू नका, एवढंच. मग दोघांनी मेणबत्तीकडे बघितलं, “नाताळ सुखाचा जावो” असं एकमेकांना म्हटलं आणि आपापल्या वाटेनं गेले.

नाताळनंतर थंडीनं खरोखरच जोर धरला. पारा उणे पस्तिसापर्यंत उतरला, आणि त्यात उत्तरेचा वारा. झाडं रात्रभर तडतडत. ओइवा रोज सकाळी बॉयलरच्या खोलीत येई, राख ओढी आणि मीटरकडे बघे. मीटर जवळजवळ हलतच नव्हता. त्याला हे खरं वाटेना. लेहतोलाचे लोक टोप्या घालून बसोत नाही तर घोंगड्या पांघरून, एवढा कमी आकडा त्यांना या जन्मी आणता येणार नव्हता.

एकदा त्यानं येणाऱ्या नळीवर हात ठेवला. ती गार होती. कोमट नाही, चक्क गार. त्याचा हात क्षणभर तिथेच राहिला. मग त्याला वाटलं, एवढ्या थंडीत जमिनीनं पाण्यातली सगळी ऊब पिऊन टाकली असणार. पाणी गारच परतायचं. त्यानं हात खिशात घातला. मीटरकडे पुन्हा एकदा बघितलं आणि घरी जाताना, कित्येक महिन्यांनी, त्याला शीळ वाजवावीशी वाटली.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यानं सकाळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि पंप जोरात सुरू केला. दुसऱ्या दिवशी शाळा होती. बॉयलर घुरघुरू लागला. ओइवा घरी येऊन बटाटे उकडून जेवला आणि रेडिओ ऐकत आरामखुर्चीत पडला. दिवस मावळता मावळता फोन वाजला.

“ओइवा,” कायसूचा बसका आवाज आणखीच बसला होता. “पाणी.”

“कुठे?”

“सगळीकडे.”

तो धावत गेला. त्या वयात आणि त्या बर्फात जेवढं धावता येतं तेवढा. कायसू दुसऱ्या दिवसाची तयारी करायला म्हणून आली होती. जेवणाच्या खोलीच्या मधोमध ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, पायात मोजे, बूट दाराशी नीट काढून ठेवलेले. पाण्यावर चित्रकलेचे कागद तरंगत होते. दारालगतच्या भिंतीत एक कपाट होतं. जमिनीतल्या सगळ्या नळ्या तिथल्या एका पितळी नळीतून निघायच्या. ती पितळी नळी उभी चिरली होती आणि चिरेतून वाफाळतं पाणी भिंतीवरून खाली येत होतं. काँक्रीटवरून ते जुन्या भागाकडे वाहत गेलं होतं, लाकडी जमिनीखाली थंडी अडवायला भरलेल्या भुशात मुरलं होतं. सकाळपासून मुरत होतं.

“मी केलं हे,” कायसू म्हणाली.

“आधी बाहेर या.”

“मी केलं, ओइवा. सुट्टी लागली त्या संध्याकाळी मी सगळ्या खोल्यांतली तापमानाची बटणं खाली आणली. हिमकणाच्या खुणेवर. म्हटलं, रिकाम्या खोल्या, तेवढाच मीटर कमी फिरेल.” तिचे दात वाजत होते. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काळजी करत बसला असता. रोज आत येऊन बघितलं असतं. पाठ दुखते तुमची. म्हणून नाही सांगितलं.”

ओइवानं भिंतीकडे बघितलं. प्रत्येक खोलीत असतं तसं ते गोल बटण. हिमकणाच्या खुणेवर.

हे कसं झालं ते त्याला तिथल्या तिथे कळलं. बटण त्या खुणेवर असलं की खोली गोठायला आल्याशिवाय जमिनीतल्या नळ्या उघडत नाहीत. आणि ही बटणं होती आतल्या भिंतीवर, जिच्या पलीकडे बॉयलरची खोली. त्या भिंतीपर्यंत थंडी कधी पोहोचलीच नाही. बटणांना वाटत राहिलं, सगळं ठीक आहे. पाणी थांबलं. एवढ्यानंही काही बिघडलं नसतं. बॉयलरकडून येणारं पाणी नेहमीसारखं गरम असतं तर दाराजवळचं ते कपाट ऊबदार राहिलं असतं. पण ते पाणी नेहमीसारखं नव्हतं. ते ओइवानं कोमट केलं होतं आणि मंद केलं होतं. दाराच्या थंडीत ते गोठलं, पितळ चिरलं, आणि आज सकाळी त्यानंच धाडलेल्या गरम पाण्यानं तो बर्फ वितळवला.

त्या गार नळीवर हात ठेवून तो उभा होता, तेव्हा हाताला सगळं कळलं होतं. तोच ऐकायला तयार नव्हता.

हे त्यानं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पाण्याचा दाब उतरल्यामुळे बॉयलर बंद पडला होता, बाहेर उणे तीस होतं, आणि जुन्या भागातले रेडिएटर रात्रीत फुटायच्या आत रिकामे करणं भाग होतं. याल्मारी आला, आणखी चार-पाच जण आले. बादल्या, रबरी नळ्या, चिंध्या. कोणी काही विचारलं नाही. याल्मारीनंसुद्धा एकही विनोद केला नाही. सगळं आवरून ओइवा घरी गेला तेव्हा त्याला वाटलं, उद्या सांगू. उद्या हुओतारी येईल तेव्हा त्याच्यासमोरच सांगू.

ती एक रात्र मध्ये गेली, आणि तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी हुओतारी रबरी बूट घालून सगळीकडे फिरला. भिंतीवरच्या बटणांपाशी थांबला. त्यानं काही विचारायच्या आतच कायसू म्हणाली, “मी खाली आणली होती.”

“त्यानं झालं नाही,” ओइवा पुढे झाला. “माझ्यामुळे झालं. मी पाणी कोमट केलं होतं. पंपही मंद केला होता. सगळी सुट्टीभर.”

कायसूनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून ओइवाला धडकी भरली. तिथे राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. तिला गहिवरून आलं होतं.

“ओइवा, नका हो,” ती हळूच म्हणाली.

“अहो, खरं सांगतोय!”

“काल का नाही बोललात मग?”

तो हुओतारीला घेऊन तरातरा बॉयलरच्या खोलीत गेला. “हा व्हॉल्व्ह बघा. हा मी खाली आणला होता.”

हुओतारीनं बघितलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. पंप सगळ्यात वरच्या वेगावर होता.

“काल सकाळी मीच उघडला,” ओइवा म्हणाला. “मुलं येणार म्हणून.”

“बरं,” हुओतारी म्हणाला.

“आणि तो मीटर? मीटर बघा ना. तो हललाच नाही.”

“बटणं खाली असल्यावर कसा हलेल?” हुओतारीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “ओइवा, तुम्ही भले गृहस्थ आहात. बाईंचं नाव कुठेही येणार नाही. तुमचंही नाही. मी वर कळवणार आहे की नळ्या जुन्या होत्या. नळ्या जुन्याच तर होत्या.”

“आणि दुरुस्ती?”

हुओतारीनं मान हलवली. “लाकडाखालचा सगळा भुसा भिजलाय. वसंतापर्यंत बुरशी धरेल. पालिका यात पैसे घालणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. लेहतोलात एवढ्या मुलांना जागा नाही, सोमवारपासून शहराच्या शाळेसाठी टॅक्सी येईल.” तो दारापर्यंत गेला आणि तिथे अडखळला. “एक सांगतो. सांगणं बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. डिसेंबरच्या मध्यावर मी दोन्ही मीटर बघितले होते. तुम्ही पुढे होतात. चांगलेच पुढे.”

“याल्मारी म्हणत होता, त्यांच्याकडे ढलप्या निम्म्या...”

“ते घरून फाटी आणून बॉयलरमध्ये घालत होते, म्हणून ढलप्या शिल्लक. मीटर तुमचाच कमी होता. जानेवारीपर्यंत काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून गप्प बसलो.” त्यानं टोपी कानांवर ओढली. “काही केलं नसतं तरी चाललं असतं तुम्हाला.”

तो गेल्यावर ओइवानं राख ओढायचं फावडं उचललं. ओढायला राख नव्हती. बॉयलर गार होता.

त्यानंतर त्यानं गावात बऱ्याच जणांना खरं सांगून बघितलं. दुकानात सांगितलं, चर्चच्या कॉफीच्या वेळी सांगितलं. लोक ऐकून घेत, मान डोलवत आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतत. “होय होय, ओइवा,” असं म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही त्याला याल्मारीकडून कळलं.

“लोक म्हणतात, बाईंसाठी म्हातारा सगळं अंगावर घेतोय,” याल्मारी म्हणाला. “काही बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं तुझं नाव निघालं की. एवढा भाव तुला आयुष्यात मिळाला नव्हता.”

“तुला तरी पटतं का, मी सांगतो ते?”

याल्मारीनं ट्रॅक्टरच्या चाकावरचा बर्फ लाथेनं पाडला. “मला काय पटतं त्यानं काय होणार आहे?” तो म्हणाला. “बाईंना पटायला हवं. आणि त्यांना नाही पटणार. तुझ्या जागी दुसरा कोणी लबाड असता तर पटलं असतं.”

सकाळी अंधारातच मुलं फाट्यावर उभी राहत. टॅक्सी त्यांना शहरातल्या मोठ्या शाळेत नेई आणि अंधार पडल्यावर आणून सोडी. पहिल्याच आठवड्यात हिल्लाला गाडीत उलटी झाली. नंतर ती सकाळी न जेवता जाऊ लागली. फाट्यावरून येता-जाता ओइवाला ती दिसे. आता ती काही विचारत नसे.

मार्चमध्ये कायसू जायला निघाली. ओउलू शहरात तिची बहीण होती, तिथल्या शाळेत एका रजेवरच्या बाईंच्या जागी काम मिळालं होतं. ओइवा खोकी बांधायला मदत करायला म्हणून तिच्या घरी गेला. ती बारीक झाली होती. पुस्तकं भरता भरता मध्येच थांबायची आणि हातातल्या पुस्तकाकडे नुसती बघत राहायची.

“मला झोप लागत नाही,” ती म्हणाली. “एकोणीस मुलं मोजत बसते. माझ्या एका हाताच्या फिरवण्यानं.”

“कायसू, शेवटचं सांगतो. आउनेची शपथ घेऊन सांगतो. तुमच्या एकटीच्या बटणांनी काही झालं नसतं. मी पाणी कोमट केलं नसतं तर...”

तिनं त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. तिचा हात गार होता.

“तुम्ही माझ्यासाठी तिची खोटी शपथसुद्धा घ्याल,” ती म्हणाली. “हे मी जन्मभर विसरणार नाही.”

सांगण्यासारखं सगळं त्यानं सांगितलं होतं. याहून मोठं खरं त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

तिनं डोळे पुसले, दोन पुस्तकं खोक्यात ठेवली. मग त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, “एक खरं सांगाल? तुम्हाला हुओतारी काही बोलले असतील. आपण जिंकलो असतो का? हे झालं नसतं तर?”

खिडकीबाहेर दुपारचं ऊन बर्फावर पसरलं होतं. ओइवानं खोक्याच्या चारी कडा हातानं नीट दाबल्या. हे ती पुढची कितीतरी वर्षं बरोबर वागवणार होती. ओउलूला, त्या नव्या वर्गात, रोज.

“नाही,” तो म्हणाला. “लेहतोला पुढे होतं. डिसेंबरातच पुढे होतं.”

“खरंच?”

“खरंच. बरंच पुढे.”

तिनं श्वास सोडला. तिचे खांदे जरासे खाली आले. हे मात्र तिला लगेच पटलं.

“म्हणजे गेलीच असती,” ती म्हणाली.

“गेलीच असती.”

तिनं चिकटपट्टीचं टोक काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते धरून ठेवलं आणि ती खोक्याच्या दुसऱ्या बाजूला गेली.